कूपन नंतर लावा, आधी डबे उघडून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की कासारवडवलीला राहायला आल्यापासून दोघंही नोकरीवर, सगळं सामान ॲपवरून कूपन लावूनच मागवता, तरी किराण्याचं बिल काही खाली येत नाही आणि रविवार अख्खा घर आवरण्यात जातो. मला विचाराल तर हे दोन वेगळे प्रश्न नाहीयेत. कूपनच्या नादात जे जास्तीचं घरात येतं ना, ते निवडा, भरा, उन्हं दाखवा, जुनं झालं की टाकून डबा घासा, हे सगळं काम त्याच्याबरोबरच येतं आणि मग ते रविवारी तुमच्या गळ्यात पडतं.

आधी पैशाचं बघू. समजा तुम्हाला ४३० चं सामान हवंय. वर पट्टी दिसते, ५९९ च्या वर ७५ रुपये सूट. मग आपण अजून काय टाकू, अजून काय टाकू करत १८० चं काहीतरी टाकतो, ६१० होतात, ७५ वजा, भरले ५३५. म्हणजे खिशातून १०५ जास्तच गेले की. आता ते १८० चं सामान म्हणजे पुढच्या आठवड्यात लागणारीच तूरडाळ किंवा चहा पावडर असेल तर ७५ खरंच वाचले, बिनधास्त घ्या. पण घरात रवा असताना अजून एक रव्याचं पाकीट नि कुठलातरी सॉस असेल तर त्याला बचत कसं म्हणायचं? त्यात हँडलिंग चार्ज, डिलिव्हरी चार्ज, पाऊस असला की अजून काहीतरी, म्हणून कूपनचा हिरवा आकडा बघायचाच नाही, सगळ्यात खाली भरायचे किती ते बघायचं. कॅशबॅक मी तर हिशोबातच धरत नाही, तो पुढच्या ऑर्डरलाच वापरायचा, त्यालाही कमीत कमी रकमेची अट आणि वर शेवटची तारीख.

आणि एमआरपीवर अमुक टक्के सूट, याला अजिबात भुलू नका. एमआरपीच्या वर विकता येत नाही एवढंच, खाली तर नाक्यावरचा वाणीसुद्धा देतो. पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. ०.२४ रुपये प्रति ग्रॅम म्हणजे किलोला २४०, एवढं सोपं आहे, आणि मग मोठं पाकीट स्वस्त की दोन छोटी स्वस्त ते लगेच कळतं (कधी कधी छोटी स्वस्त पडतात, खरंच). तेलाच्या पिशवीला तर हे हवंच. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण दुकानात ८००, ८५० ग्रॅमच्या पिशव्या पण असतात, दिसायला अगदी लिटरच्या पिशवीसारख्या, आणि आपण वाटतं स्वस्त मिळालं म्हणून घेऊन येतो. मागे वळवून नेट वजन बघा, मगच भाव बोला.

आता साठ्याचं. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की एकावर एक फ्रीवालं रवा, मैदा, बेसन घरात येणं म्हणजे पोरकिड्यांना आमंत्रण. रव्याचं पाकीट उघडल्यावर कडेला जाळीसारखे धागे नि गुठळ्या दिसल्या की समजायचं आत अळी झाली, मग चाळून काही उपयोग नसतो. पावसाळ्यात रवा अर्धा किलोच आणावा, आल्याआल्या कोरडाच मंद आचेवर भाजून, पूर्ण गार झाल्यावर डब्यात (गरम भरला तर झाकणाला पाणी सुटतं नि त्यानेच बुरशी येते). भाजायला वेळ नसेल तर पाकीट तसंच तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं, आत अंडी असतील तर मरतात, बाहेर काढल्यावर मात्र नॉर्मलला आल्याशिवाय फोडायचं नाही. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवला की वर्ष निघतं. बेस्ट बिफोरची तारीख तर फ्रीवाल्या जोडीवर आधी बघायची, बऱ्याचदा ती जवळ आली म्हणूनच जोडी लावलेली असते.

मग मोठ्या प्रमाणात काय घ्यायचं? जे वर्षभर टिकतं तेच, आणि ते कूपनवर नाही, मोसमात. एप्रिल-मेमध्ये वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून मिरची, धणे, हळकुंडं, खडा मसाला, मिरचीत बेडगी रंगाला नि संकेश्वरी तिखटाला, देठं काढून कडक ऊन देऊन डंकावर दळून आणायची. तुमच्याकडे टॉवरच्या गॅलरीत ऊन येत नसेल तर सोसायटीच्या गच्चीची परवानगी काढा. गहू-तांदूळ दोन-तीन घरांनी मिळून कट्टा घेतला तर परवडतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबलवाल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्ट्याला नाही नि २५ किलोच्या वरच्या कट्ट्यालाही नाही, म्हणून तर दुकानात २६ किलोचे कट्टे दिसतात! दोघांच्या घराला २६ किलो तांदूळ एकट्याने घेऊ नका, मजल्यावर वाटून घ्या.

साबण, टूथपेस्ट, शाम्पू, भांड्यांचा बार, कपड्यांची पावडर, हे मात्र कूपनवर खुशाल घ्या. लवकर खराब होत नाही, निवडायला लागत नाही, माळ्यावर टाकलं की झालं. माझं तरी कूपन याच्यावरच लागतं.

घरकामाचं म्हणाल तर एक नियम लावून बघा, आमच्याकडे त्यानेच फरक पडला: जो ऑर्डर देईल त्यानेच पिशव्या रिकाम्या करायच्या, जुनं वर काढून नवीन खाली भरायचं आणि डबे पुसून ठेवायचे. नवरा असो, सासूबाई असोत नाहीतर आपण. अहो, फोनवर दोन मिनिटांत ऑर्डर टाकणारा माणूस एकदा ओट्याशी उभं राहून सात डबे भरतो ना, तेव्हा त्याला आपोआप कळतं काय मागवायचं नि काय नाही. हे काम रविवारवर ठेवू नका. गुरुवारी रात्री भांडी झाल्यावर फडताळाचा एकच कप्पा पुसायला घ्या, पुसता पुसता काय संपत आलंय ते फोनमध्ये लिहा, चार आठवड्यांत चारही कप्पे होतात नि यादी आपोआप तयार असते. शुक्रवारी त्या यादीवर बसेल ते कूपन लावा, नाही बसलं तर सोडून द्या, रोज नवीन येतंच.

आणि महिन्यातून एकदा ठाणे स्टेशनजवळच्या जांभळी नाक्याच्या बाजारात चक्कर मारा, सकाळी लवकर, गाडी न घेता, घोडबंदरच्या ट्रॅफिकच्या आधी निघून टीएमटीच्या बसने स्टेशनला उतरलं की चालत होतं. पोहे, शेंगदाणे, गूळ, सुकं खोबरं तिथे सुटं मिळतं, हातात घेऊन बघता येतं. शेंगदाणा एक तोंडात टाकून बघा, खवट असेल तर पुढच्या दुकानात.