गावच्या पोस्टमनला सांगून कर्जाची नोटीस परत पाठवली तर चालेल का?

नाही, उलट अंगाशी येईल. तुम्ही परळला, वडील गावी, पोस्टमन ओळखीचा, मोह होणारच. पण पत्ता बरोबर असताना पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला, की कोर्ट सहसा नोटीस मिळाली असंच धरतं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं २७ वं कलम त्यासाठीच आहे.

शिवाय त्या बिचाऱ्याला कशाला गोवता? ग्रामीण डाकसेवकाची नोकरी दिवसाला चार-पाच तासांची, पगारही तसाच. खोटा शेरा मारला तर कारवाई त्याच्यावर, कर्ज मात्र तुमचंच राहतं. (पाकिटावर वकिलाचा शिक्का दिसला की वाडीभर कळतं, तो भाग वेगळा.)

खरी गोष्ट मुदतीची. चेक न वटल्याची नोटीस असेल तर मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवस मिळतात. त्या काळात लेखी हरकत घेतलीत तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागूच होत नाही, पण हे गावाकडे कोणी सांगत नाही.

तेव्हा वडिलांना म्हणावं, सही करून घ्या आणि नोटिशीचं प्रत्येक पान व्हॉट्सॲपवर पाठवा. पाकीटही जपून ठेवायला सांगा, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख वकील आधी विचारेल.