वाई शोधली की कारवाई सापडते

सप्रेम आशीर्वाद.

पुस्तकाची पानं लागत आली हे वाचून बरं वाटलं. पत्राच्या शेवटी जाता जाता विचारलंयस, की पुस्तकाच्या शेवटची सूची, म्हणजे कुठलं नाव नि कुठला विषय कोणत्या पानावर आहे त्याची यादी, कॉम्प्युटरच काढून देईल असं छापखान्यातले म्हणतात, मग त्यासाठी वेगळा माणूस लावून पैसे कशाला घालवायचे? जाता जाता विचारलंस, म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

एक प्रयोग कर. तुझ्या फाइलमध्ये 'वाई' शोध. वाईट सापडेल, हवाई सापडेल, कारवाई तर ढिगाने. 'ठाणे' शोधलंस तर पोलीस ठाणे हजर होईल, पण 'ठाण्याला', 'ठाण्यातल्या' गळून जातील. आपल्याकडे प्रत्यय लागला की नावाचं रूपच बदलतं. तुझं पुस्तक पुण्याबद्दल आहे, तरी त्यात 'पुणे' कमी आणि पुण्यात, पुण्याहून, पुण्याच्या हेच जास्त. शिवाय मजकूर श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात जुळवलेला असला तर असा शोधही धड चालत नाही.

ही अडचण यंत्राची आहे, आज ना उद्या सुटेल. खरी गोची पुढे आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. पुण्याचं सेवासदन १९०९चं, ते रमाबाई रानड्यांचं. तुझ्या चौथ्या प्रकरणात दोघी येतात आणि निम्म्या ठिकाणी तू नुसतं 'रमाबाई' लिहिलं आहेस. वाक्य वाचल्याशिवाय कोणती कोण ते कळत नाही. याच्या उलट शारदा सदनात शिकलेली गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर ती आनंदीबाई झाली, आणि लोक तिला बाया म्हणत. बाई एक, नावं तीन. त्यात १८८६ला अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी वेगळ्याच. सूचीत 'गोदूबाई' शोधणाऱ्याला 'कर्वे, आनंदीबाई पाहा' असा हात दाखवायला हवा. तो दाखवायला आधी हे माहीत असलेला, किंवा निदान शंका येणारा माणूस लागतो.

मग मीच करते, असं म्हणशील. मी केली होती, पहिल्या पुस्तकाची. तीन रात्री जागून. 'शिक्षण' या शब्दापुढे पानांचे एकेचाळीस आकडे ओळीने घातले होते. आमच्या ग्रंथपालांनी पान उघडून विचारलं, "हा काय मटक्याचा चार्ट आहे?" रास्त होतं. त्या एकेचाळीस पानांत शिक्षणाचा खर्च होता, विरोध होता, शिक्षिकांचे पगार होते. ते पोटनोंदींत फोडायला हवं होतं. पाच-सहा आकड्यांपुढे रांग गेली की वाचक एकेक पान उलटत बसत नाही, सूची मिटतो. मला ते सुचलं नाही, कारण कुठे काय आहे ते मला पाठ होतं. लेखक पुस्तकात पुढच्या दाराने शिरतो. सूची वापरणारा परसदारातून येतो, आणि त्याला तुझ्या प्रकरणांची नावंसुद्धा माहीत नसतात.

आता माणूस कुठे मिळेल ते. इंग्लंडमध्ये सूचीकारांची संस्था १९५७ साली निघाली, 'द इंडेक्सर' नावाचं त्यांचं नियतकालिक पुढच्याच वर्षापासून आहे. आपल्याकडे हे काम बहुधा कुणीतरी निवृत्त ग्रंथपाल, कोशाच्या कामात मुरलेले संपादक किंवा एखादा चिकाटीचा संशोधक करतो, आणि ओळखीतूनच मिळतो. तुझ्याजवळच्या शेल्फावरची चांगल्या सूचीची चार पुस्तकं काढ आणि ऋणनिर्देश वाच. नाव नसेल तर प्रकाशकाला विचार. मात्र विचारताना नीट सांग, कारण मराठीत 'सूची' म्हटलं की कुणाला अनुक्रमणिका वाटते, कुणाला संदर्भग्रंथांची यादी. शं. ग. दात्यांची ग्रंथसूची हे थोर काम, पण ती पुस्तकांची नोंद आहे. तुला हवी आहे ती पुस्तकाच्या पोटातली, व्यक्ती, स्थळं, संस्था आणि विषय यांची.

कुणी मिळालं की एका प्रकरणाची सूची नमुन्यादाखल करून माग, आणि त्याचे पैसे दे. फुकट नमुना मागू नये. हातात आल्यावर काय घेतलंय यापेक्षा काय सोडलंय ते आधी बघ. 'समारंभाला टिळकही होते' एवढ्यावरून टिळकांची नोंद केली असेल तर तो माणूस टिपतो आहे, वाचत नाही. मग त्याला नोंदींच्या क्रमाबद्दल विचार. 'ळ' आपल्या मुळाक्षरांत 'ह'नंतर येतो, कॉम्प्युटर मात्र पुष्कळदा त्याला 'ल'शेजारी बसवतो. म्हणजे 'काळे' हे 'काशीकरां'आधी की नंतर? 'क्ष' संस्कृत कोशांसारखा 'क'मध्ये की शाळेतल्यासारखा शेवटी? कुठलंही चालेल, पण त्याच्याजवळ उत्तर तयार हवं. हा प्रश्न ऐकून जो खुलतो त्याला काम दे. मी तरी असंच निवडत आलो.

मोबदला दर पानावर ठरव किंवा एकरकमी, पण लिहून घे. पैसे तू देणार की प्रकाशक, तेही आत्ताच. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक करारांत सूचीचा शब्दही नव्हता, आणि मग शेवटच्या आठवड्यात दोघंही एकमेकांकडे बघत बसले. तुझ्या तीनशे ऐंशी पानांना तीन आठवडे धर.

पानं पक्की झाल्याशिवाय मात्र सूचीला हात लावू देऊ नकोस. एकदा आमच्या एका पुस्तकात सूची झाल्यावर मधे दोन पानांचा नकाशा घुसवला. नकाशापुढची प्रत्येक नोंद दोन पानांनी चुकली, आणि ते छापल्यावर कळलं. दुसरं, छापखाना सोळा पानांच्या फॉर्ममध्ये विचार करतो. शेवटच्या फॉर्ममध्ये जागा उरली नाही की पहिली कात्री सूचीला लागते. म्हणून पंधरा-सोळा पानं आत्ताच राखून ठेवायला सांग. शंभर पानांना तीन ते पाच पानं हा ढोबळ हिशेब, आणि तुझं पुस्तक नावांनी गच्च आहे.

सूचीकार प्रश्न विचारेल, कधी रात्री दहाला. चिडू नकोस. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या सूचीकार बाईंनी फोन करून विचारलं होतं, "पान अठ्ठ्याऐंशीवर वारलेले गृहस्थ एकशे त्रेचाळीसवर सभेचे अध्यक्ष आहेत. हे दोघं वेगळे का?" वेगळे नव्हते. मृत्यूचं साल मी चुकवलं होतं, आणि तीन प्रुफं वाचूनही ते मला दिसलं नव्हतं. त्यांचं नाव श्रेयनामावलीच्या पानावर छापायचं मात्र मी विसरलो. तू विसरू नकोस.

पानं पक्की झाली की कळव. नमुन्यासाठी चौथं प्रकरण दे, दोन रमाबाई आणि दोन आनंदीबाई आहेत त्यात.

ता. क. सूचीचंही प्रूफ येतं. ते मूळ पानं शेजारी उघडी ठेवून वाचायचं असतं, नुसतं शुद्धलेखन बघून सही करायची नाही.