अंडं चांगलं की वाईट, हे अजून का ठरत नाही?

तुम्ही विचारलंय की अंडी, लोणी, कॉफी यांच्याबद्दल तज्ज्ञ दर दोन-चार वर्षांनी शब्द फिरवतात, मग याला शास्त्र का म्हणायचं आणि ते सुधारेल का.

मला विचाराल तर मूळ दुखणं अगदी साधं आहे: कोणी काय खाल्लं हेच धड कळत नाही. मोठ्या पाहण्यांत लोकांना प्रश्नावली देतात. गेल्या वर्षभरात अंडी कितीदा खाल्लीत? महिन्यातून एकदा, आठवड्यातून दोनदा, की रोज? मी एकदा असली प्रश्नावली अगदी प्रामाणिकपणे भरायला बसलो होतो. तिसऱ्या पानापासून अंदाजपंचे खुणा सुरू झाल्या आणि हिरव्या भाज्यांच्या रकान्यात हात जरा सैल सुटला. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिकं (म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे जास्त वजनाचे अणू) असलेलं पाणी पाजून शरीराने खरोखर किती ऊर्जा खर्चली हे मोजता येतं. त्याच्याशी ताडून पाहिलं की लोक खाणं कमी सांगतात, असं पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यातही वजन जास्त असलेले अधिकच कमी सांगतात, म्हणजे चूक सगळ्यांची सारखी असती तर ती वजा तरी करता आली असती, तेही नाही.

बरं, आकडे खरे धरले तरी जो भरपूर फळं-भाज्या खातो तो बहुधा सिगारेट ओढत नाही आणि चालायलाही जातो. श्रेय कोणाला द्यायचं? रक्तात बीटा-कॅरोटिन (गाजरासारख्या भाज्यांतलं नारिंगी द्रव्य) जास्त असलेल्यांना कर्करोग कमी होतो असं पाहण्यांत दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या. 1994 साली निकाल आला: गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त!

मग सगळ्याच गोष्टींच्या चाचण्या का करत नाहीत? कारण गोळी देता येते, जेवण वर्षानुवर्षं बदलून ठेवता येत नाही. अमेरिकेत 48,835 स्त्रियांवर सुमारे आठ वर्षं कमी चरबीच्या आहाराची चाचणी चालली. ज्यांना आहार बदलायचा होता त्यांनी चरबीतून येणारी ऊर्जा 20 टक्क्यांवर आणायची होती. पहिल्या वर्षी जेमतेम 24 पर्यंत आली आणि सहाव्या वर्षी परत 29 वर गेली. हृदयविकारात ठळक फरक पडला नाही. आता दोष चरबीचा नव्हता म्हणायचं, की चरबी पुरेशी कमी झालीच नाही म्हणायचं? शिवाय चरबी काढून तिच्या जागी काय खाल्लं, साखर की कडधान्य, यावरही निकाल फिरतो.

सुधारणेची वाट मला अमेरिकी आहार-संशोधक केविन हॉल यांच्या 2019 सालच्या प्रयोगात दिसते. 20 माणसं चार आठवडे संशोधन केंद्रातच राहिली आणि ताटात किती गेलं, किती उरलं ते मोजलं गेलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद धाटणीचं अन्न, दोन आठवडे साधं. पहिल्या प्रकारात लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या. माणसं थोडी आणि काळ कमी, हे खरं. पण पोटात काय गेलं ते तरी ठाऊक आहे. असे प्रयोग जास्त माणसांवर, जास्त काळ व्हावेत. खर्च प्रचंड, पण प्रश्नावल्यांतून निघणाऱ्या शेकडो निबंधांपेक्षा मी पैसे इथे घालेन. तसंच काय तपासणार हे आधीच जाहीर करून ठेवावं, म्हणजे हाती लागलेल्या आकड्यांतून सोयीचा निष्कर्ष मागाहून शोधता येणार नाही. आणि आठवणीवर विसंबण्याऐवजी जमेल तिथे रक्त-लघवी तपासावी. प्रथिनं आणि मीठ यांचा अंदाज लघवीतून बराच चांगला येतो.

सगळंच धूसर आहे असं मात्र नाही. आधीच्या गरोदरपणात बाळाच्या मज्जासंस्थेत दोष निघालेल्या स्त्रियांना फॉलिक ॲसिड (एक ब जीवनसत्त्व) दिलं, तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटतो, हे 1991 सालच्या एकाच चाचणीने दाखवलं. परिणाम मोठा असला की तो दिसतो. निरोगी माणसाला दिवसाला एका अंड्याने होणारा फायदा-तोटा तेवढा मोठा असता, तर इतकी वर्षं लपला नसता. तुम्हाला डॉक्टरांनी काही कारणाने अंडी बंद करायला सांगितली असतील, तर ती गोष्ट वेगळी.