फेस येत नाही? साबणाला दोष देऊ नकोस

अरे, लगेच दाढीचा साबण बदलू नकोस. कडक वडीवर चमचाभर गरम पाणी घाल आणि बादली भरेपर्यंत राहू दे. भिजलेला ब्रश दोनदा झटकून वडीवर निदान अर्धा मिनिट गोल फिरव. सगळे इथेच घाई करतात, डोळ्यांपुढे लोकल असते ना! ब्रशवर आधी दाट, चिकट लगदा दिसला पाहिजे. मग गालावर थेंबथेंब पाणी वाढवत ने, घट्ट दह्यासारखी चकाकी येईपर्यंत. मोठे बुडबुडे दिसले की पाणी जास्त झालं. परत वडीवर जा.

आणि हो, सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं का? त्यातलं कॅल्शियम साबणाचा साका करतं, फेस बसतो. मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा-भातसा धरणांचं नळाचं पाणी मऊ. दाढीपुरतं तांब्याभर भरून ठेव.