सूनबाईंचा केसपेपर

प्रश्न : माझी सून जर्मन असून गेले आठ महिने ती आमच्याबरोबर कोपरीत राहते. पाऊस सुरू झाल्यापासून तिच्या कमरेवर आणि मांड्यांवर लालसर, खाजणारे चट्टे उठले आहेत. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने चार दिवसांत आराम पडला; पण मलम थांबवताच चट्टे पूर्वीपेक्षा पसरले. आता मुलालाही जांघेत खाज सुटते. तिच्या विम्यात रुग्णालयात दाखल न होता घेतलेले उपचार बसत नाहीत, म्हणून तिला पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात न्यावे असा विचार आहे. आधार कार्ड नसताना तिला तपासतील का? भाषेचे काय?
— एक वाचक, ठाणे (पूर्व)

उत्तर : बाह्यरुग्ण विभागात तपासून घेण्यासाठी भारतीय नागरिक असण्याची अट नसते. केसपेपरच्या खिडकीवर ओळखपत्र म्हणून पासपोर्ट दाखवावा, व्हिसाची प्रत जवळ ठेवावी आणि तिचे नाव पासपोर्टवरील स्पेलिंगप्रमाणे मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी कारकुनाच्या हाती द्यावी, कारण परके आडनाव कानावरून लिहिले गेले की पुढच्या खेपेस जुना कागद सापडत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. महापालिकेची रुग्णालये मात्र आपले दर स्वतः ठरवतात, तेव्हा खिडकीवरच विचारून घ्यावे. मागील बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीला आधारसाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी उपचार लांबवू नयेत.

आपल्याला सोयीचे पडेल ते कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. ते ठाणे महापालिकेचे असून वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. सकाळी लवकर पोहोचावे आणि शक्य तर सोमवार टाळावा. रांगेत दोन-तीन तास सहज जातील, हे सूनबाईंना आधीच सांगून ठेवा. अर्थात त्यांच्या देशात त्वचातज्ज्ञाची वेळ मिळायला अनेकदा काही आठवडे थांबावे लागते, त्यामुळे त्या कदाचित आपल्यापेक्षा कमी कुरकुरतील. अशा रुग्णालयांत दारावरील पाटीवर बहुधा ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ असे लिहिलेले असते. त्याने बिचकून जाऊ नये. डॉक्टरांचे शिक्षण इंग्रजीतूनच झालेले असल्याने आतमध्ये भाषेची अडचण येत नाही. ती येते केसपेपरच्या आणि औषधांच्या खिडकीवर, म्हणून घरातील कोणीतरी सोबत जावे. तपासणी कमरेखालची असल्याने महिला डॉक्टरांची किंवा निदान परिचारिका हजर असण्याची विनंती करावी, आणि भोवती शिकाऊ डॉक्टरांची गर्दी नको असल्यास तसे नम्रपणे सांगावे.

आता खरा मुद्दा. पासपोर्ट एकवेळ घरी राहिला तर निभावेल, पण ते मलम, म्हणजे अर्धी पिळलेली ट्यूब आणि असल्यास तिचे खोके, विसरू नका. आपण लिहिलेला क्रम, म्हणजे आधी झटपट आराम आणि थांबवताच दुप्पट जोर, वाचून त्यात स्टिरॉइड असावे असा दाट संशय येतो. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये घातलेली मलमे सर्रास विकली जातात. त्वचेवर लावायची स्टिरॉइड्स २०१८ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आणली गेली, तरी काउंटरवर ती मागताच हाती पडतात, हे आपण अनुभवलेच आहे. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबते, पण त्याचबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते. गजकर्णाची बुरशी त्या आडोशाने फोफावते आणि चट्ट्याची ओळखीची गोल कडाही पुसट होते, त्यामुळे जाणकार डोळाही चकू शकतो. म्हणूनच डॉक्टर बहुधा चट्ट्याच्या कडेची साल हलकेच खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील. तपासणीला जाण्यापूर्वी घरातले दुसरे एखादे बुरशीनाशक लावून ही चाचणी बिघडवू नये.

निदान गजकर्णाचेच झाले, तर उपचार काही आठवडे चालतील आणि पोटातूनही गोळ्या द्याव्या लागतील. सूनबाई गरोदर असल्यास, तसा विचार असल्यास किंवा त्या गर्भनिरोधक अथवा अन्य कोणतीही गोळी घेत असल्यास ते आधीच सांगणे आवश्यक आहे. मुलाचाही वेगळा केसपेपर काढून त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण एकाचे बरे होऊन दुसऱ्याचे राहिले तर बुरशी घरातच फिरत राहते. टॉवेल वेगळे ठेवावेत. पावसात कपडे दोरीवर दमट राहतात, तेव्हा ते इस्त्री करूनच घालावेत आणि तूर्त घट्ट जीन्स टाळावी.

औषधे लिहून घेताना त्यांची मूळ रासायनिक नावे स्पष्ट अक्षरांत मागून घ्या, कारण आपल्याकडील ब्रँडची नावे जर्मनीत कोणाला उमजणार नाहीत. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी गजकर्णाची बुरशी भारतात मोठ्या प्रमाणावर आढळली असून आता ती जर्मनीतही सापडते. त्यामुळे त्रास तिकडे पुन्हा उद्भवलाच, तर इथे काय आणि किती दिवस घेतले, याचा हा कागद तिथल्या डॉक्टरांना उपयोगी पडेल.