रोज दारू पिऊन मेंदू खरंच आकसतो का? सोडली तर भरून येतो का?

आकसतो, भाऊ. आणि स्कॅनवर दिसतोही. नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या काकांचा एमआरआय मी स्वतः पाहिलाय. वय ५२, पण मेंदूच्या घड्यांमधल्या फटी सत्तरीतल्या माणसासारख्या रुंद. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं: कपाळामागचा भाग आणि मागचा लहान मेंदू सगळ्यात जास्त झिजलेला. पहिला झिजला की संयम जातो, दुसरा झिजला की तोल. काका न पिताही पाय फाकवून चालायचे, बर्डीच्या गर्दीत भिंत धरून. आम्ही म्हणायचो, सकाळीच घेतली वाटते! घेतलेली नसायची.

बराचसा तोटा पांढऱ्या द्रव्याचा, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तारांचा असतो. म्हणून दारू सोडल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत आकारमान थोडंफार परत येतं. सगळं नाही.

खरा घातक प्रकार वेगळाच: थायमिन, म्हणजे बी-१ ची कमतरता. दारू ते आतड्यातून नीट शोषू देत नाही, वर जेवण सुटलेलं. डोळे थरथरणं, तोल जाणं, गोंधळणं, हे जर्मन डॉक्टर वेर्निकेने १८८१ मध्येच नोंदवलंय. वेळेत इंजेक्शन मिळालं तर माणूस सावरू शकतो. नाहीतर कोर्साकोफ नावाचा विकार: नवी आठवण बसतच नाही, अन् रिकाम्या जागा माणूस गोष्टी रचून भरतो, अगदी खऱ्यासारख्या.

अन् हो, रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम सुरू होऊ शकतात, जिवावर बेततं. आधी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा.