आधी नळ कुठंय ते बघ

अगं, तुझा मेल वाचला, रोमा वस्त्यांत (रोमा म्हणजे युरोपातला, मूळचा भारतातून गेलेला समाज) साथीच्या काळाबद्दल विचारायची प्रश्नावली पण उघडून बघितली. चाळीस प्रश्न आणि त्यात पहिलाच, घरात किती जणांना कोविड झाला होता? तो काढ आधी.

मी स्वतः हा गाढवपणा केलाय. २०२० च्या मे महिन्यात पुण्याबाहेर एका पालावर शिधा वाटायला गेलो होतो, हातात फॉर्म, आणि एका बाईला विचारलं दिवसातनं किती वेळा हात धुता. ती काही बोलली नाही, तेलाचा पाच लिटरचा कॅन उचलून हलवून दाखवला, तळाला तांब्याभर पाणी. मी फॉर्मची घडी करून खिशात घातला.

तू स्लोव्हाकियात कोशित्सेला चाललीयस म्हणून सांगतो. तिथं त्या भागात एप्रिल २०२० मध्ये क्रोम्पाखी, बिस्त्रानी, झेहरा अशा ठिकाणच्या पाच रोमा वस्त्या पोलीस आणि लष्कर लावून बंद केल्या होत्या, म्हणजे आजारी माणूस नाही, त्याचं घर नाही, अख्खी वस्तीच, आणि तेही जागतिक रोमा दिवसाच्या, ८ एप्रिलच्या आठवड्यात. बल्गेरियात यांबोलला तर शेतात फवारणी करतात तसल्या विमानातून रोमा मोहल्ल्यावर जंतुनाशक मारलं. (तिकडं पण त्याला महाला म्हणतात, आपला मोहल्लाच.) आता माणसांवर वरून औषध मारायचं डोक्यात कधी येतं? खाली राहणाऱ्याला आधीपासून घाण समजत असलात तरच ना!

म्हणून म्हणतो, साथीपासून सुरुवात करू नकोस, साथीच्या आदल्या दिवसापासून कर. युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्क एजन्सीनं २०२१ मध्ये दहा देशांत सर्व्हे केला, त्यात २२ टक्के रोमा लोकांच्या घरात नळ नव्हता आणि ८० टक्के गरिबीच्या धोक्याच्या रेषेखाली होते, आणि अशा घराला सांगायचं की हात धुवा, अंतर ठेवा, घरी बसा. घरी बसायचं म्हणजे भंगार बंद, आठवडी बाजार बंद, सीझनला परदेशात बांधकामावर जायचं ते पण बंद. ज्यांचा पगार कागदावर होता त्यांना सरकारनं हात दिला, ज्यांचं कामच तोंडी ठरतं त्यांनी काय दाखवायचं? आपल्याकडं रेशन कार्ड नाही म्हणून पालावरची माणसं लाईनीतून परत गेली, तोच प्रकार.

शाळेचं वेगळं विचार आणि निवांत विचार. रोमा पोरांना सरसकट विशेष शाळेत, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत, ढकलणं हा भेदभाव आहे असं स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टानं चेक सरकारला २००७ मध्येच सुनावलं होतं, म्हणजे पोरं आधीच मागं ठेवलेली, त्यात शाळा मोबाईलवर गेली. 'ऑनलाईन शिक्षण मिळालं का' असं विचारलंस तर 'हो' म्हणून मोकळे होतील. घरात फोन किती होते, डेटा कोण भरायचं, तीन पोरांत आधी कोण बसायचं, असं विचार, मग बघ आई कशी बोलायला लागते.

आणि रडगाणं गोळा करायला जातेयस असं होऊ देऊ नकोस. तिथल्या बायकांनी मास्क शिवून वाटले, वस्तीतलेच आरोग्य सहाय्यक दारोदार फिरले. त्यांना आधी भेट, त्यांना कुठल्या ऑफिसरपेक्षा जास्त माहितीय.

अजून एक, 'आपण एकाच रक्ताचे, तुम्ही मूळचे इंडियातले' हे पहिल्याच दिवशी सुरू करू नकोस गं, आपल्या लोकांना फार हौस असते त्याची आणि समोरच्याला त्या क्षणी त्याचा उपयोग काय? पण कुणी पाणी देऊ केलं तर त्यांचा शब्द नीट ऐक. पानी म्हणतात. नाकाला नाख, कानाला कान. हसू येईल तुला, येऊ दे.

चिखलाचे बूट घे, थंडी संपता संपता वस्तीतला रस्ता म्हणजे नुसता राडा असतो. पोचलीस की नळ कुठंय, किती घरांना एक आहे, रांगेत कोण उभं असतं तेवढं वहीत लिही आणि मग मला फोन कर, प्रश्नावली आपण तेव्हा परत करू.